गाळणी सुरांची, राखण शब्दांची
(गायन पार्टीतील की-बोर्ड आणि फिल्टर यांविषयी थोडेसे)

14 एप्रिल जवळ आला, की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या वस्त्यावस्त्यांतून गायन पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. कोणाची ढोलकी चढवली जाते, कोणाच्या हार्मोनियमचा भाता दुरुस्त होतो, कोरसच्या मुलांच्या वह्या पुन्हा लिहून काढल्या जातात. आमच्या लहानपणी पार्टी म्हणजे हार्मोनियम, ढोलकी, डिमडी, झांज आणि फार तर एखादा बेंजो. पुढे की-बोर्ड आला. त्याची कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे त्याला सर्रास 'कॅसिओ' म्हणतात. आज की-बोर्डाशिवाय पार्टी स्टेजवर चढत नाही. त्यात व्हायोलिनचा ताफा आहे, बासरी आहे, सनई आहे. सारे काही आहे. मात्र त्याच्यामुळे काय हरवते याचा विचार आपण क्वचितच करतो.

एका जयंतीची गोष्ट सांगतो. आंबेगाव तालुक्यातील एका गावी आमच्या पार्टीचा कार्यक्रम होता. कार्यक्रम रंगला, टाळ्या पडल्या, बिदागीही मिळाली. सामान आवरताना शेवटच्या रांगेत बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी पुढे आल्या. की-बोर्ड वाजवणाऱ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बाळा, वाजाप लई ग्वाड व्हतं रं. पर बाबासायबांचं नाव तेवढं कळलं बघ. बाकी सबुद काय बी उमगलं न्हाय."

आजींनी रागाने म्हटले नव्हते, म्हणूनच ते अधिक लागले. आपले गाणे हे नुसत्या करमणुकीचे गाणे नाही. 1930च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतर शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले, ते ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार पोहोचवण्यासाठी. वामनदादा कर्डक यांनी (1922-2004) आयुष्यभर गावोगाव फिरून हेच केले. त्या परंपरेतल्या गाण्याचा शब्दच जर शेवटच्या रांगेत पोहोचला नाही, तर सूर कितीही गोड असला तरी काम अपुरे राहिले असेच म्हणावे लागेल.

पुढच्या कार्यक्रमाला आम्ही की-बोर्डाचा आवाज कमी करून पाहिला. शब्द कळू लागले, पण गाणे ओके-ओके वाटू लागले. गायकालाही आधार वाटेना. आवाज वाढवला की शब्द बुडत, कमी केला की गाणे सुकत असे. या पेचातून सोडवणूक झाली ती की-बोर्डावरच्या 'फिल्टर' नावाच्या सोयीमुळे. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, शिक्षण कला शाखेचे. विज्ञानाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु पुस्तके वाचून, जाणकारांना विचारून आणि बटणे फिरवून जे समजले, ते आपल्या मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

नादाची जाती

संगीताच्या पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगितलेले असतात. पहिला उच्च-नीचता, म्हणजे सूर वरचा की खालचा. दुसरा लहान-मोठेपणा, म्हणजे आवाज किती मोठा. तिसरा नादाची जाती. हार्मोनियमवर काळी दोन वाजवली आणि तोच सूर तेवढ्याच मोठ्याने बासरीवर वाजवला, तरी डोळे मिटूनसुद्धा ही हार्मोनियम आणि ही बासरी हे आपण ओळखतो. ते ज्या गुणामुळे ओळखतो, ती नादाची जाती.

ती येते कोठून? समजा, एका तारेतून सेकंदाला 200 कंपनांचा, म्हणजे 200 हर्ट्झचा सूर निघतो. खरे तर त्या तारेतून एकटा 200चा सूर निघत नाही. त्याच्याबरोबर 400, 600, 800, 1000 असे त्याच्या पटीतले बारीक सूरही निघतात. त्यांना उपस्वर म्हणतात. कान त्यांना वेगवेगळे ऐकत नाही. सर्वांचा मिळून एकच सूर आपल्याला भासतो. उपस्वर भरपूर आणि जोरदार असले की आवाज धारदार, झणझणीत वाटतो. ते थोडे आणि क्षीण असले की आवाज मऊ, घुमारदार वाटतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा वरचे उपस्वर उजळतात. म्हणून तंबोरा बोलू लागतो.

सिंथेसायझर या वाद्यात मुळात तार नाही, भाता नाही, कातडे नाही. त्यात विजेच्या कंपनांपासून सूर तयार होतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत हा मूळ सूर मुद्दामच उपस्वरांनी ठासून भरलेला ठेवतात. करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या लहरीत सगळे उपस्वर असतात. चौकोनी लहरीत फक्त पहिला, तिसरा, पाचवा असे विषम उपस्वर असतात. हा कच्चा आवाज कानाला कर्कश लागतो. त्यातून नको ते काढून टाकायचे आणि हवे ते ठेवायचे. हे काढून टाकण्याचे काम फिल्टर करतो.

गाळणी म्हणजे काय

फिल्टर म्हणजे गाळणी. आपल्या वाचकांना गाळणीचे महत्त्व निराळे सांगायला नको. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि कंबरपट्टा यांच्याबरोबर आठवी वस्तू असते ती पाणी गाळण्याची गाळणी. पाली भाषेत तिला परिस्सावन म्हणतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पोटात जाऊन मरू नये, यासाठी ती. गाळणी पाण्यात काही मिसळत नाही; ती फक्त अडवते आणि सोडते. आवाजाची गाळणीही तशीच. ज्या आवाजात जे मुळात नाही, ते साधी गाळणी निर्माण करू शकत नाही.

आवाज गाळला जाण्याचा अनुभव आपण रोज घेतो. शेजारच्या गावात लग्नाचा डीजे वाजत असतो, तेव्हा आपल्या अंगणात फक्त धुम-धुम ऐकू येते. गाण्याचे शब्द, झांजेचा खणखणाट कोठे गेला? दूरवर येता येता हवा, झाडे आणि भिंती यांनी वरचे सूर शोषले; खालचे तेवढे पोहोचले. मानमोडी किंवा शिवनेरीच्या लेण्यांत एखाद्या कोठडीत आपण बसलो आणि मित्र बाहेरच्या ओसरीत बोलत असला, तर आवाज येतो पण 'स', 'श', 'च' ही अक्षरे पुसट होतात. खालच्या सुरांच्या लांब लहरी कोपऱ्यावरून वळून आत येतात, वरच्या सुरांच्या आखूड लहरी तितक्या वळत नाहीत. हार्मोनियमचे वरचे झाकण लावून वाजवा, तोच सूर दबका होईल. ही सारी एकाच जातीची गाळणी झाली : खालचे सूर सोडणारी आणि वरचे अडवणारी. तिला लो-पास फिल्टर म्हणतात.

याच्या उलट खालचे अडवून वरचे सोडणारा तो हाय-पास फिल्टर. खालचे आणि वरचे दोन्ही अडवून मधला पट्टा तेवढा सोडणारा तो बँड-पास फिल्टर. जुन्या टेलिफोनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. माणूस ओळखू येई, बोलणे कळे, पण 'स' म्हटले की 'फ', असा घोटाळा नावे सांगताना नेहमी होई. कारण 'स'चा सळसळाट बराचसा 3400च्या वर असतो.

आपल्या जुन्नर तालुक्यातच गाळणीचा एक फार मोठा नमुना आहे. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात, की माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ गोंगाटात त्या सहज बुडून जातील. म्हणून तेथेही गाळण्या लागतात : नको तो पट्टा अडवायचा, हवा तो घ्यायचा. त्या लहरी ध्वनीच्या नव्हेत, हे खरे. पण तत्त्व एकच. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, तेथील प्रदर्शन पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेथे फिल्टरविषयी अवश्य विचारावे.

कटऑफ आणि रेझोनन्स

की-बोर्डावर फिल्टरची दोन मुख्य नावे दिसतात : कटऑफ आणि रेझोनन्स. काही वाद्यांवर त्यांची फिरती बटणे किंवा सरकपट्ट्या असतात, तर काहींत ती मेनूच्या आत दडलेली असतात.

कटऑफ म्हणजे गाळणी जेथून अडवू लागते ती रेघ. लो-पास फिल्टरचा कटऑफ 1000 हर्ट्झवर ठेवला, तर त्याच्या खालचे सूर जवळपास जसेच्या तसे जातात आणि वरचे क्रमाक्रमाने क्षीण होत जातात. येथे एक गैरसमज होतो. रेघेच्या वरचे सगळे एकदम तोडले जात नाही; तो कडा नसून उतार असतो. हा उतार किती तीव्र, हे यंत्रावर अवलंबून. दर सप्तकाला 12 डेसिबल उतार असेल, तर 1000च्या रेघेवर एक सप्तक, म्हणजे 2000चा उपस्वर, सुमारे चौथ्या हिश्श्याइतका उरतो. 24 डेसिबलचा उतार असेल, तर तोच सुमारे सोळाव्या हिश्श्याइतका उरतो. म्हणून पहिल्या जातीचा फिल्टर सौम्य आणि दुसऱ्या जातीचा जाड, भरीव वाटतो.

रेझोनन्स म्हणजे रेघेच्या अगदी जवळच्या सुरांना दिलेला उठाव. तो थोडा वाढवला, की आवाजाला नाक येते, धार येते. फार वाढवला, तर काही यंत्रांतला फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवू लागतो. मूळ सूर बाजूला राहतो. येथे सोण थेरांची कथा आठवते. प्रव्रज्येपूर्वी ते वीणा वाजवत. साधनेत अति कष्ट करून ते खचले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना विणेचाच दाखला दिला : तारा फार ताणल्या तरी वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. रेझोनन्सच्या बटणावर हात ठेवताना हा दाखला मनात ठेवावा.

हलणारी गाळणी

आतापर्यंतची गाळणी एका जागी स्थिर होती. पण आवाज जिवंत वाटतो तो गाळणी हलल्यामुळे. याचा पुरावा आपल्या तोंडातच आहे. एकाच सुरात 'ऊ' म्हणा आणि सूर न बदलता हळूहळू 'आ' करा, मग 'ई' करा. गळ्यातून येणारा सूर तोच आहे. ओठ, जीभ आणि जबडा यांनी तोंडाची पोकळी बदलली, म्हणजे गाळणी बदलली. म्हणून स्वर बदलला. 'वाव-वाव' असे म्हणताना आपण खरे तर फिल्टर उघडतो आणि मिटतो.

सिंथेसायझरमध्ये हे काम दोन प्रकारे होते. एकाला एन्व्हलप म्हणतात. पट्टी दाबल्याबरोबर गाळणी किती वेगाने उघडावी, किती मिटावी, पट्टी दाबून धरली असता कोठे थांबावी आणि सोडल्यावर कशी बंद व्हावी, हे त्यात ठरते. गाळणी झटकन उघडून झटकन मिटली, तर छेडलेल्या तारेसारखा ठणका मिळतो. सावकाश उघडली, तर फुंकीच्या वाद्यासारखा फुलणारा सूर मिळतो. दुसऱ्या प्रकारात एक अतिशय संथ लहर गाळणीला खाली-वर झुलवते. ती कानाला सूर म्हणून ऐकू येत नाही. आवाज श्वास घेतो आहे असे मात्र वाटते.

हे यंत्र आले कोठून

अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी 1960च्या दशकात असा सिंथेसायझर बनवला. त्यांच्या प्रसिद्ध फिल्टरची मांडणी ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचून केलेली असल्याने त्याला 'शिडी फिल्टर' म्हणतात. चार पायऱ्या, प्रत्येकी 6 डेसिबल, मिळून 24. याचे पेटंट त्यांना 1969 साली मिळाले. त्याच वर्षी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला. मुंबईत कर्सी लॉर्ड यांनी 1970च्या दशकात मूगचे वाद्य हिंदी चित्रपट संगीतात आणले.

1982 साली मुंबईतच चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्को ठेक्यावर बसवलेली एक तबकडी काढली. त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीचे टीबी-303 हे छोटे यंत्र वापरले. साथीला बेस वाजवावा एवढ्याच हेतूने बनवलेले हे यंत्र. त्याचे कटऑफ आणि रेझोनन्स वाजवता वाजवता फिरवले, की एक विलक्षण पिळदार आवाज येतो. पुढे 1987 साली शिकागोतील तरुणांनी याच यंत्रावर नव्या नृत्यसंगीताची तबकडी काढली आणि तो आवाज जगभर गेला. चरणजित सिंगांची तबकडी त्यांच्या आधीची. पण तिच्याकडे जगाचे लक्ष गेले ते 2010 साली ती पुन्हा निघाल्यावर.

यामहाच्या 1983 सालच्या डीएक्स-7 या गाजलेल्या वाद्यात मात्र फिल्टर नव्हताच. त्यात आवाज घडवण्याची रीतच निराळी होती. आजच्या की-बोर्डांत बहुधा खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने असतात आणि त्यांना अंकांच्या गणिताने चालणारा फिल्टर लावलेला असतो. साधन बदलले, गाळण्याचे तत्त्व तेच राहिले.

शब्द कोठे राहतात

आता आजींच्या तक्रारीकडे वळू. मराठी शब्दाचा भरीवपणा, म्हणजे त्यातील स्वर, बराचसा 1000 हर्ट्झच्या आसपास आणि खाली असतो. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. 'त', 'ट', 'क', 'च', 'श', 'स' यांची खूण 2000च्या वर, 'स'ची तर 4000च्याही वर असते. व्यंजने मुळातच क्षीण आणि क्षणभराची असतात.

आमचा मुलगा व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज लावून, दोन्ही हातांनी मोठे सूरसमूह दाबून ठेवत असे. त्या आवाजाचे उपस्वर अगदी 2000 ते 5000च्या पट्ट्यात अखंड वाजत राहत. गायकाची व्यंजने नेमकी त्याच खोलीत राहणारी. बलवान भाडेकरूने क्षीण भाडेकरूला बाहेर काढावे, तसे झाले. आवाज कमी केल्यावर सगळाच ताफा दुबळा झाला, कारण आवाजाचे बटण खालचे-वरचे सारे सूर सारखेच कमी करते. फिल्टर मात्र निवड करतो. कटऑफ हळूहळू खाली आणत 1200च्या सुमारास नेला, तेव्हा ताफ्याचा भरीवपणा राहिला, गायकाला आधारही राहिला आणि वरची खोली शब्दांसाठी मोकळी झाली.

स्टेजवर काय करावे

विद्यार्थी मित्रांनी तालमीत पुढील प्रयोग करून पाहावा. प्रथम ताफ्याचा आवाज लावून एकच सूर दाबून धरावा. कटऑफ पूर्ण खाली आणावा, मग अगदी सावकाश वर न्यावा. आवाज अंधारातून उजेडात येतो आहे असे वाटेल. नंतर गायकाला गाणे न गाता त्याचे शब्द नुसते वाचायला सांगावेत आणि एक जण मंडपाच्या शेवटच्या रांगेत उभा करावा. शब्द स्पष्ट होईपर्यंत कटऑफ खाली आणावा आणि तेथे थांबावे. त्याच्याही खाली नेल्यास आवाज घोंगडीखाली झाकल्यासारखा मरगळतो.

ध्रुवपद संपून नुसते वाजवायचे असेल, तेव्हा कटऑफ उघडावा. कडवे सुरू होताच पुन्हा मिटावा. म्हणजे की-बोर्डालाही त्याची पाळी मिळते. खालच्या बाजूलाही लक्ष द्यावे. डाव्या हाताचे जाड सूर ढोलकीच्या घुमाऱ्यावर बसत असतील, तर ज्या वाद्यात हाय-पास फिल्टर आहे तेथे तो सुमारे 150 ते 200 हर्ट्झवर लावावा; नसेल तर मिक्सरवरचे बेसचे बटण त्या वाद्यापुरते कमी करावे. येथे दिलेले आकडे आमच्या अनुभवाचे आहेत. मंडप, स्पीकर आणि गायकाचा गळा यांप्रमाणे ते बदलतील. अंतिम निवाडा शेवटच्या रांगेतल्या कानाचा.

समारोप

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख कोरलेले आहेत. दूरदेशीच्या यवनांची दानेही आहेत. इरिल नावाच्या यवनाने तर पाण्याच्या दोन पोढी दिल्या. बाहेरून आलेली वस्तू किंवा माणूस संघाच्या उपयोगी पडत असेल, तर आपल्या परंपरेने ते नाकारले नाही. परदेशातून आलेल्या या वाद्यालाही आपण नाकारण्याचे कारण नाही. फक्त ते कोणत्या कामासाठी स्टेजवर आणले, याचा विसर पडू नये.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. आजी त्याच शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. तिसरे गाणे संपले, तेव्हा त्या शेजारच्या नातीला त्या गाण्याचा अर्थ समजावून सांगत होत्या. की-बोर्डावरच्या मुलाने आमच्याकडे पाहिले आणि कटऑफला हात न लावता चौथे गाणे सुरू केले.

जयभीम! नमो बुद्धाय!